सहावा चमचा

मी मकित्रा. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, म्हणून सरळच सांगते. मी मातीची कुंडी आहे. तोंड रुंद, पोट खोल, आणि आतून खरखरीत रेघा. त्या रेघांवर लाकडी बत्ता फिरवून खसखस वाटायची, एवढंच माझं काम. युक्रेनमध्ये खसखशीला 'माक' म्हणतात, त्यावरून मी मकित्रा. सध्या मुक्काम दुबई, डिस्कव्हरी गार्डन्समधला एक लहानसा फ्लॅट. तिथल्या फ्रिजवर माझी जागा आहे.

माझा जन्म पोल्तावाकडच्या एका खेड्यातला. त्याला आता शंभर वर्षं होतील. कुंभारानं मला चाकावरून उतरवलं, ओली असतानाच आतून रेघा ओढल्या आणि भट्टीत घातलं. मोत्र्या नावाच्या बाईनं मला बाजारात बोटानं वाजवून बघितलं, आवाज पसंत पडला, आणि मी तिच्या घरी आले.

वर्षातून एकदा माझा मान असे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आकाशात पहिली चांदणी दिसली की घरातले जेवायला बसायचे. पहिला घास कुत्याचा. शिजवलेला गहू, मध आणि माझ्यात वाटलेली खसखस, एवढीच ती खीर. जेवण झाल्यावर उरलेली कुत्या माझ्यातच ठेवायची. घरातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाच्या नावानं तिच्यात एकेक चमचा खोचायचा. त्या रात्री ती माणसं घरी येतात, उपाशी जाऊ नयेत म्हणून.

मोत्र्याकडे आले तेव्हा माझ्यात एकही चमचा नसे. तिच्या घरात अजून कुणी मेलं नव्हतं.

मग एकोणीसशे बत्तीसचा हिवाळा आला. पीक बुडालं म्हणून भूक आली नव्हती. पीक उचलून नेलं होतं. मॉस्कोचा हुकूम होता. टोळ्या घरोघर फिरायच्या, हातात लांब लोखंडी सळया. जमिनीत खुपसायच्या, चुलीमागे खुपसायच्या. मोत्र्यानं दोन मुठी वाटाणे माझ्या तळाशी घातले आणि वर काठोकाठ राख भरली. एकानं मला उचललं. राख जड लागली असावी. त्यानं मला उंबऱ्यावर पालथं केलं.

ते वाटाणे कसे घरंगळले ते मला अजून ऐकू येतं. मी माझ्या परीनं गप्प बसले होते. पण मला लपवता आलं नाही.

वसंतापर्यंत मोत्र्याची दोन मुलं गेली. थोरली हान्ना तेवढी वाचली. ती दोघं भुकेनं मेली असं म्हणायलाही बंदी होती. सणालाही बंदी होती. तरी मोत्र्या दरवर्षी पडदे ओढून, जमेल तसली कुत्या करायची आणि माझ्यात दोन चमचे खोचायची. दुसऱ्या दिवशी शाळेत बाई मुलांना विचारायच्या, "काल घरी काय जेवलात?" पुढे हान्नाला मुलगी झाली, तेव्हा तिनंही तिला पढवून ठेवलं होतं, "बटाटे म्हणायचं. नुसते बटाटे."

ती मुलगी, वीरा, शिकून खार्किव शहरात गेली. मी तिच्याबरोबर गेले. शहरात आपली युक्रेनी भाषा बोललं की लोक गावंढळ म्हणत. वीरा ऑफिसात रशियन बोलायची. घरी बत्ता हातात घेतला की मात्र आपसूक तिच्या तोंडून आईची भाषा येई. मला वाटतं, त्या देशात पुष्कळशी भाषा अशीच स्वयंपाकघरात तगली.

एक्याण्णवच्या डिसेंबरात लोकांनी मतं टाकली आणि देश सोव्हिएत संघातून वेगळा झाला. त्या हिवाळ्यातल्या सणाला वीरानं पडदे ओढले नाहीत. तिची लहानगी लेस्या खिडकीत उभी राहून रस्त्यावर ओरडत होती, "आमच्याकडे कुत्या आहे!" माझ्या आयुष्यातला एवढाच काय तो मोकळा प्रसंग.

वीरा गेल्यावर मी लेस्याकडे आले. तीच माझी आताची मालकीण. तिचा नवरा ओस्ताप ट्रामच्या डेपोत मेकॅनिक होता. त्यांची सोलोमिया सहा वर्षांची असताना रशियाचे बॉम्ब खार्किववर पडू लागले. लेस्यानं एका बॅगेत कपडे भरले आणि पोरीच्या ब्लँकेटमध्ये मला गुंडाळलं.

"तीन किलोची कुंडी?" ओस्ताप म्हणाला. "वेडी आहेस का? बूट घे त्याऐवजी."

"बूट विकत मिळतात."

स्टेशनात तोच आम्हाला गाडीत चढवून गेला. पुरुषांना देश सोडायची परवानगी नव्हती, आणि त्याला सोडायचाही नव्हता. पोलंडमार्गे आम्ही दुबईला पोचलो. लेस्याची एक मैत्रीण जुमेरा लेक टॉवर्समधल्या सलूनमध्ये होती, तिनं तिथेच काम लावून दिलं. पुढे ओस्ताप सैन्यात गेला. आणि दोन वर्षांपूर्वी, शरद ऋतूत, पूर्वेकडच्या आघाडीवरून त्याचा फोन यायचा बंद झाला.

तो मेला असं कुणी कळवलं नाही. कागदावर आलं, बेपत्ता. मागाहून आणखी एक पाकीट आलं, आत पत्र आणि कापसाची काडी. मुलीच्या गालाच्या आतून कापूस फिरवून नमुना पाठवा, सापडलेल्या देहांशी ताडून पाहता येईल. ते पाकीट लेस्यानं माझ्याखाली ठेवून दिलं. दहा महिने मी त्याच्यावर बसून होते.

शेजारच्या फ्लॅटमध्ये सुहासिनी राहते. मूळची पुण्याची. नवरा राजन एका शिपिंग कंपनीत अकाउंट्सला. दोघींची तोडकीमोडकी इंग्लिश, तरी दोन-दोन तास गप्पा. या डिसेंबरात सुहासिनीनं मला पहिल्यांदा खाली उतरवून पाहिलं.

"ह्याच्यात काय करतेस?"

लेस्यानं फोनवर कुत्याचा फोटो दाखवला.

"अगं, ही तर आमची गव्हाची खीर!" सुहासिनी म्हणाली. "मग कर की यंदा."

"खसखस नाही. इथे आल्यापासून एकदाही नाही. खालच्या दुकानात विचारलं तर अक्रम म्हणाला, मॅडम, त्याचं नावही काढू नका."

"हात्तिच्या! माझा भाऊ येतोय ना, निखिल, तेवीसला. पाव किलो आणायला सांगते. आम्ही अनारशाला लावतो."

लेस्याचा चेहरा असा उजळला की अक्रमचं बोलणं ती विसरूनच गेली. मीही हुरळले, खोटं कशाला बोलू? तीन वर्षं माझ्यात कांदे होते.

बावीस तारखेला सुहासिनी आमच्याकडे, लेस्याबरोबर ओट्याशी गहू निवडत बसली होती. त्यांच्या घराची किल्ली मागायला राजन दारात आला. सुहासिनी अभिमानानं म्हणाली, "उद्या निखिल खसखस आणतोय हिच्यासाठी."

राजनचा हात दाराच्या कडीवरच राहिला. "काय आणतोय?"

"खसखस."

"सुहास, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? इथे खसखस म्हणजे ड्रग! एअरपोर्टवरच खलास. निखिल आत, आणि आपलं काय? बॅगा भरून डेक्कनला परत?"

"अनारशाची खसखस ड्रग?" सुहासिनी उठून उभी राहिली. "काहीतरीच बोलू नकोस. मला वाटलं, अक्रमचा स्टॉक संपलाय म्हणून..."

"फोन लाव. आधी फोन लाव."

फोन स्पीकरवर टाकला. निखिल म्हणाला, "ताई, बॅग भरून झाली. तुझी खसखस मोज्यात घातलीय, सांडू नये म्हणून."

"मोज्यात!" राजननं कपाळावर हात मारला. "अरे, लपवल्यासारखी दिसेल ती! काढ. आत्ताच्या आत्ता काढ, आणि तो मोजासुद्धा आणू नकोस!"

निखिल हसायला लागला. सुहासिनीला मात्र हसू आलं नाही. ती लेस्याकडे बघत राहिली. लेस्या म्हणाली, "इट्स ओके," आणि निवडलेला गहू पुन्हा निवडू लागली.

चोवीसला दुपारी सुहासिनी संक्रांतीसाठी आणलेले तीळ भाजून घेऊन आली. "चव वेगळी लागेल," ती म्हणाली, "पण वाटायला तरी काहीतरी." पूर्वी आमचा सण जानेवारीत असायचा, रशियन चर्चच्या पंचांगाप्रमाणे. युद्ध पेटल्यावर लोकांनी ती तारीखही सोडून दिली. तेव्हा आता सण नवा, देश परका, आणि माझ्यात तीळ. बत्ता फिरू लागला तसा अनोळखी तेलाचा वास माझ्या रेघांत शिरला. मी नाक मुरडलं नाही. कामाशिवाय राहण्यापेक्षा ते बरं होतं.

तेवढ्यात ओस्तापच्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. खार्किवहून, अंधाऱ्या खोलीतून. वीज नव्हती.

"लेस्या," ती म्हणाली, "यंदा त्याचाही चमचा ठेव. आम्ही ठेवणार आहोत."

"तुम्ही त्याला बघितलंत?"

"नाही."

"मग कसला चमचा? तो बेपत्ता आहे. मी माझ्या हातानं त्याला मारणार नाही."

तिनं फोन टेबलावर पालथा घातला. नंतर बराच वेळ ती तीळ वाटत होती. ते केव्हाच वाटून झाले होते.

संध्याकाळी सोलोमिया बाल्कनीत चांदणी शोधत होती. धुरकट आकाशात एक दिवा दिसला, तो सरकू लागला, विमान होतं. "क्लोज इनफ, मामा," ती म्हणाली. मग सगळे बसले. लेस्या, सोलोमिया, सुहासिनी, राजन. निखिल मित्रांकडे जेवायला गेला होता. पाचवं ताट ओस्तापचं. जिवंत माणसांच्या रांगेत, कोरं, शेजारी चमचा. ते कुणासाठी हे पाहुण्यांनी विचारलं नाही. त्यांना वाटलं, आणखी कुणीतरी यायचं असेल.

राजननं कुत्या दोनदा मागून घेतली. "यल्ला, चल, अजून वाढ. मस्त झालीय."

जेवण झाल्यावर लेस्यानं उरलेल्या कुत्यात पाच चमचे खोचले. खोचताना ओठातल्या ओठात नावं घेतली. मोत्र्या. तिची दोन मुलं. हान्ना. वीरा. मग ती हात धुवायला बेसिनकडे वळली.

सुहासिनीला पाहुणी म्हणून स्वस्थ बसवेना. तुमच्याकडच्या बाईला दुसऱ्याच्या घरी जेवून तसंच उठणं जमत नाही. ती ताटं गोळा करू लागली. पाचवं ताट कोरंच होतं, ते तिनं तसंच कपाटात ठेवलं. त्याचा चमचा हातात उरला. तिनं इकडेतिकडे पाहिलं. माझ्यात पाच चमचे उभे दिसले. इथेच ठेवतात वाटतं, असं म्हणून तिनं सहावा त्यांच्याशेजारी खोचला.

"आँटी, नो!" सोलोमिया खुर्चीवरून उठली. "दॅट्स फॉर डेड पीपल! पापा इज जस्ट मिसिंग!"

नळ चालूच राहिला.

सुहासिनीला एका क्षणात सगळं कळलं. पितरांचं पान तिच्याही घरी वाढतात. "अगं बाई, काय केलं मी हे..." तिनं चमचा काढायला हात घातला, आणि लेस्यानं तो हात वरून धरला. ओला, गार हात. माझ्या काठावर दोघींची मनगटं होती.

"लीव्ह इट," लेस्या म्हणाली.

राजननं जाऊन नळ बंद केला. सोलोमिया आईकडे बघत होती, जणू ती कुणी दुसरीच बाई आहे. मग ती आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. लेस्यानं त्या दारावर टकटक केली नाही.

सकाळी लेस्यानं पाच चमचे काढले, धुतले, पुसून ड्रॉवरमध्ये ठेवले. सहाव्यापाशी हात थांबला. घरातल्या चमच्यांत तो घालवेना आणि मेलेल्यांचा म्हणून धुववेनाही. उरलेली कुत्या तिनं त्याच्याभोवतीनं काढली, मला आतून ओल्या फडक्यानं पुसलं, आणि चमच्यासकट फ्रिजवर ठेवलं. पुढच्या रविवारी सोलोमियाला मांडीवर घेऊन तिनं तिच्या गालाच्या आतून कापूस फिरवला. पाकीट टपालात गेलं.

उत्तर यायला महिने लागतात म्हणे. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर लेस्या आधी टपालाची पेटी बघते, मग मला.

मी म्हातारी झालेय. काठाला एक चीर गेलीय, ती वाढतेय. एकदा माझ्यातले वाटाणे मला राखता आले नाहीत. हा चमचा मी धरून ठेवलाय. तो कोणाकडचा आहे, जिवंतांकडचा की मेलेल्यांकडचा, हे मला माहीत नाही. ते सांगायचं काम माझं नव्हे. फक्त एवढं करा. कधी या घरी जेवायला आलात, तर आवराआवर करायच्या नादात फ्रिजवरचं काही खाली काढू नका.