किल्ली मामांच्या खिशात होती

मी टेकडीवरचा रडार बोलतोय. पांढऱ्या घुमटात राहतो, म्हणून माझी देखभाल करणारे मामा मला ‘भोपळा’ म्हणतात. माझं काम एकच, ज्वालामुखीतून उडालेली राख ढगांच्या आडूनही हुडकायची. ती राख विमानाच्या इंजिनात वितळते आणि इंजिन बंद पडतं.

आम्ही दोघे भाऊ. थोरला ज्वालामुखीच्या पायथ्याशी, मी ऐंशी किलोमीटरवर. आमच्या जागा ठरवणाऱ्या बाईंनी त्यासाठी दोन वर्षं नकाशे गिरवले. थोरल्याला चहूकडचं दिसतं, पण स्वतःच्या डोक्यावरचं दिसत नाही, दिव्याखाली अंधार. तेवढं मी दुरून बघायचं, अशी त्यांची आखणी.

त्या दुपारी मी बंद होतो. मामा घुमटात शिरून माझ्या दातेरी चाकांना ग्रीस लावत होते. आमच्याकडे नियम आहे, वर चढणाऱ्याने माझी किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. म्हणजे तो आत असताना मला कुणी चालू करू शकत नाही. माझ्या किरणांसमोर माणूस भाजतो.

खाली विमानतळावरून फोन आला. पडद्यासमोर मामांची भाची बसते, तिने घेतला. ज्वालामुखी फुटला होता, आभाळ गच्च भरलेलं. एक विमान राखेपासून वीस मिनिटांवर आलं होतं आणि माघारी जाण्याइतकं इंधन त्याच्यात नव्हतं. राखेला वळसा पूर्वेकडून घालायचा की पश्चिमेकडून? थोरल्याला सांगता येईना.

तिने वर हाक मारून सगळं सांगितलं. मामांचे गुडघे कामातून गेलेले आणि शिडी एकतीस पायऱ्यांची, उभी. त्यांनी किल्ली खालीच टाकली.

“लाव गं. मी कोपऱ्यात दबून बसतो.”

“मामा, उतरा.”

“विमानात दीडशे माणसं आहेत.”

“म्हणूनच सांगतेय, बोलत बसू नका. उतरा.”

किल्ली तिच्या मुठीत होती. मला चालू व्हायचं होतं आणि नव्हतंही. मामा मला शिव्या घालत एकेक पायरी उतरत होते. फोनवरचा माणूस उरलेली मिनिटं सांगत होता. तो आठवर आला, तेव्हा मामांचा पाय जमिनीला लागला. ते दाराबाहेर पडताच तिने किल्ली फिरवली.

मला तापायला दीड मिनिट लागतं. पहिल्या फेरीत नुसता पाऊस दिसला. मग मान वर केली आणि राखेचा लोट दिसला, पूर्वेकडे कललेला.

“पश्चिमेकडून न्या,” ती फोनवर म्हणाली. चार मिनिटं उरली होती. विमान वळलं. मामा उंबऱ्याशीच बसून राहिले. पुढे दोन दिवस भाची त्यांच्याशी बोलली नाही.

आठवड्याने बाई आल्या. शिडी स्वतः चढून उतरल्या आणि मामांना म्हणाल्या, “चूक माझी आहे. कागदावर मी याला कधी बंद धरलंच नव्हतं.”

आता खाडीपलीकडे आमचा तिसरा भाऊ उभा आहे. मी बंद असलो की थोरल्याच्या डोक्यावरचं तो बघतो, आणि मामा सवडीने, धापा न टाकता उतरतात. माझी चाकं हल्ली फार कुरकुरतात. काही वर्षांनी मला मोडीत काढतील. काढा खुशाल. फक्त त्याआधी माझ्या जागी दुसरा उभा करा, आणि त्यालाही कधीतरी ग्रीस लागणार, हे धरून चला.