मोजलेलं पाणी

मी शाळेच्या ओट्यावरचा, अगदी कोपऱ्यातला नळ. अंगाने पितळी, मानेत थोडा वाकडा. बसवतानाच प्लंबरने पान्याने ओरखडे पाडले आणि म्हणाला, "चालतंय." तसाच चाललो.

दुपारच्या नमाजाआधी मुली वुजू करायला, म्हणजे हात, तोंड, पाय धुऊन पाक व्हायला, माझ्याकडे येतात. कुणाचं कुणाशी बिनसलंय, कुणाकडे पाहुणे आलेत, सगळं मला कळतं. कान टवकारावे लागत नाहीत.

वर्गाची मॉनिटर सर्वांत कडक. वयाने बरोबरीची, तरी सगळ्या तिला आपा म्हणजे ताईच म्हणत. धर्माच्या तासाला शिकवलेलं तिला तोंडपाठ: वाहत्या नदीकाठी बसलात तरी वुजूला पाणी जपून वापरा. एका सावकाश मुलीला तिने गोगलगाय नाव ठेवलं होतं.

"उठतेस का गं? टाकी रिकामी करूनच जाणार वाटतं!"

गोगलगायीने मला बंद केलं आणि ती उठली.

एकदा विज्ञानाच्या बाईंनी माझ्याखाली बादली आणि शेजारी मापाचं भांडं ठेवलं. "पाणी जपून वापरा, हे काल धर्माच्या तासाला ऐकलंत. वुजूला किती लागतं ते आज मोजू. एकेकीने जायचं, आपलं पाणी आपणच मोजायचं. मी बघायला येणार नाही."

गोगलगायीने माझी बारीक धार सोडली. बादलीचा तळ जेमतेम झाकला. मॉनिटरने सवयीने मला पुरतं सोडलं, मग सावकाश बाह्या दुमडल्या. मी आपला धो धो. बादली काठाला आली तसा तिचा चेहरा उतरला. इकडेतिकडे बघत तिने बादली मोरीकडे कलती केली.

"आपा, ओतू नको, झाडांना घालू." गोगलगाय विसरलेला रुमाल न्यायला आली होती. "मोजलंस ना?"

बादली सरळ झाली.

"नाही अजून," मॉनिटर म्हणाली. "ते मापाचं भांडं दे."

वर्गात तिने आपला आकडा मोठ्याने सांगितला. खिडकी समोरच, त्यामुळे मला ऐकू आलं. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हसू नका," बाई म्हणाल्या. "आकडा खरा आहे, म्हणून प्रयोग झाला."

दुसऱ्या दिवशी मॉनिटरने मला इतकं बारीक सोडलं की मागच्या मुली ओरडल्या, "पाणी गेलं की काय?"

"नाही गं," गोगलगाय म्हणाली, "आपा बसलीय."

मॉनिटरच आधी हसली.

आता माझा वायसर झिजलाय. थेंब थेंब गळतो. खाली कुणीतरी मग ठेवलाय. प्लंबर येईल तेव्हा येईल. तोवर जाताना मला नीट आवळा. आजूबाजूला कुणी नसेल, तर जरा जास्तच.