नऊला थोडा कमी

धुळ्याच्या तंत्रनिकेतनात सर्वेक्षणाचा पेपर होता. दिपमाला मॅडमनी दारातच सगळ्यांच्या कॅल्क्युलेटरची झाकणं काढून घेतली, कारण मागच्या खेपेला कुणा दिवट्याने झाकणाच्या आत सूत्रं कोरली होती. आता पोरांची नावंही झाकणावरच असतात, हे मॅडमच्या ध्यानातच आलं नाही. टेबलावर एकसारखे काळे कॅल्क्युलेटर पडले, आणि हाताला लागेल तो उचलून जो तो बसला.

सावद्याच्या स्नेहलने सवयीने नऊ दाबला. साईन, कॉस, टॅन, मग त्याच वाटेने उलटं. पडद्यावर लख्ख नऊ आला. हा तिचा नव्हता. तिचा समाधानदादाने शिकताना वापरलेला, जुना. त्याच्या आत आकडे कमी मावतात, दर पायरीला मागचे आकडे राउंड करून तो टाकून देतो, म्हणून परतताना नऊला थोडा कमीच पडतो. स्नेहलला त्याची ही खोड पाठ होती.

तसाच, बटणं जरा झिजलेला एक मागच्या बाकावर भटूच्या हातात होता. तिने हात पुढे केला, तर तो ओरडला, "मॅडम, ही चोर माझा कॅल्क्युलेटर घेते आहे."

सगळी खोली वळली. हा शब्द एकदा चिकटला की होस्टेलपर्यंत मागे येणार, हे तिला ठाऊक होतं. रागाने रडूच फुटत होतं, ते तिने गिळलं.

"अगं, दोन्ही सारखेच आहेत. बस खाली," मॅडम म्हणाल्या.

"नाहीत मॅडम. त्याच्यावर नऊ दाबा, मग साईन, कॉस, टॅन आणि त्याच वाटेने उलटं. आठ दशांश, पाच वेळा नऊ, मग आठ, सहा, चार, तीन येईल. नाही आलं तर पेपर न देता मी घरी जाते."

मॅडमनी भटूच्या हातून कॅल्क्युलेटर घेऊन बटणं दाबली आणि मोठ्याने वाचायला लागल्या. आठ दशांश, नऊ, नऊ, नऊ, नऊ, नऊ. आठ. सहा. चार. शेवटचा तीन अख्ख्या वर्गानेच म्हटला.

"चुकून झालं असेल," भटू पुटपुटला.

"चोर जेवढ्या मोठ्याने म्हणालास, तेवढ्याच मोठ्याने सांग," स्नेहल म्हणाली.

भटू उभा राहिला. घाबरला की त्याच्या तोंडी घरची बोली यायची.

"हाऊ स्नेहलनाच शे. मी चुकनू."

स्नेहलने दादाचा कॅल्क्युलेटर घेतला, ताठ मानेने जागेवर आली आणि पहिला प्रश्न सोडवायला घेतला.