पोकळ गोळ्याचं गणित

सरूचा बारावीचा फिजिक्सचा पेपर बुधवारी पेणला होता आणि तिचं लग्न रविवारी, म्हणून गागोद्यात कुणाचं काही अडत नव्हतं. पण रोह्याच्या कंपनीत नवऱ्या मुलाची रजा तीन दिवस आधीच्या तारखेवर आली, लग्न गुरुवारवर आलं, आणि मंगळवारी दुपारी त्याची उष्टी हळद वाटीभर दारात हजर झाली.

विमलआत्यानं सरूला पाटावर बसवून हळद लावलीसुद्धा. "आता अक्षता पडेस्तोवर उंबरा ओलांडायचा नाय गो."

"आत्या, एकच पेपर. सातच्या गाडीनं जाते, चारला परत."

"अशी पिवळीजर्द? कंडक्टर तिकीट देईल का अक्षता टाकील?"

ओटीवरच्या बायका हसल्या. सरूनं बाबांकडे पाहिलं. ते सुपारी कातरत राहिले.

संध्याकाळी वर्गातली शांती खिडकीशी आली. गजांतून वही पुढे करत म्हणाली, "हे एवढं सांग. धातूचा पोकळ गोळा, त्यावर चार्ज अधिक तीन. पोकळीत कुठं न टेकता अधिक पाच ठेवलाय. बाहेरच्या अंगावर किती? मला तीनच येतात."

"आतल्या अंगावर उणे पाच ओढले जातात. गोळ्याची बेरीज तीनच राहायला हवी ना? मग बाहेर आठ."

"आतला पाच इकडेतिकडे सरकवला तर?"

"आतल्या आत कितीही फिरव. बाहेर आठच." बोलताना तिच्या तळव्याची हळद वहीला लागली.

सकाळी सातच्या गाडीचा हॉर्न तिनं पाटावरून ऐकला. आत्या दारातच बसली होती. हॉलतिकीट ट्रंकेत, नव्या साड्यांखाली होतं.

दुपारी शांती धापा टाकत खिडकीशी आली. "तेच गणित आलं गो! आठ लिहिले!"

"प्रश्न वाचून दाखव."

शांती वाचू लागली. शेवटच्या ओळीशी तिचा आवाज बारीक झाला. "...गोळा जमिनीला जोडलेला आहे."

"मग आठ नाय. बाहेरचा सगळा जमिनीत उतरतो. बाहेर शून्य."

"शून्य? आणि आतला पाच?"

"तो आहे तिथंच. बाहेर काही कळत नाय, एवढंच."

"तू असतीस तर..." शांतीनं प्रश्नपत्रिकेची घडी घातली.

"सरू, ऊठ! बांगड्यावाली आलीये," आत्यानं आतून हाक मारली.

सरूनं पाटावरून पाय खाली घेतले आणि सारवलेल्या जमिनीवर टेकवले.