बरणीतले जीव

बेकरीवाल्याला गल्लीतले सगळे प्रोफेसर म्हणत आणि तो मुळीच चिडत नसे. शाळेत विज्ञानात गटांगळ्या खाल्लेल्या माणसाला आयती प्रोफेसरकी मिळाली, तर तो कशाला चिडेल? परीक्षा नसली की विज्ञान फार गोड लागतं, असं त्याचं म्हणणं. पाव भट्टीत गेले की पिठाच्या पोत्यावर बैठक मारून तो वाचायला घेई. मुंग्या वाट कशी शोधतात, ऑक्टोपसला हृदयं किती, एकाची जांभई दुसऱ्याला का लागते, काहीही. आणि वाचलेलं त्याच्या पोटात राहत नसे. ब्रेड न्यायला आलेली बाई घाईत आहे, तिच्या कडेवरचं मूल रडतंय, हे त्याला दिसतच नसे. ऑक्टोपसची तिन्ही हृदयं सांगून झाल्यावरच तो पिशवी तिच्या हातात देई. देव काही माणसांना जीभ देतो आणि लगाम द्यायला विसरतो, त्यातला हा. लोक ऐकून घेत, कारण पाव चांगला होता.

पाव चांगला होता तो आंबवणामुळे. भट्टीशेजारच्या फळीवर मोठी काचेची बरणी होती, तिच्यात पीठ-पाण्याचं बुडबुडे येणारं ते आंबवण. रोज त्यातलं बरंचसं पावाच्या पिठात घालायचं आणि उरलेल्याला ताजं पीठ-पाणी द्यायचं. त्याच्या वडिलांनी बेकरी सुरू केली तेव्हा स्वतःच्या हाताने ते लावलं होतं. लग्न नवं होतं, बेकरी नवी होती आणि आंबवणही नवं होतं. वडील गेल्या वर्षी वारले. बेकरीच्या वरच्या खोल्यांत आता आई, तो आणि त्याची बायको अशी तिघं राहत.

वडील गेले आणि आईचं अन्नावरचं मनच उडालं. भात पुढे केला की ती चिवडत बसे, भाजी तशीच उरे. पाव मात्र खाई. दुधात बुडवून, सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत. "त्यांच्या हातचं आहे," एवढंच म्हणे. डॉक्टर म्हणाले, पाव तर पाव, पोटात काहीतरी जातंय हे नशीब समजा. बायको रोज सासूच्या ताटात एक जास्तीचा काप ठेवी आणि तो संपला की स्वतः सुखाने जेवे.

अशात प्रोफेसरने जुन्या बाजारातून सूक्ष्मदर्शक आणला. नळीला एका बाजूने पोचा होता, पण भिंगं स्वच्छ होती. मग काय, माकडाच्या हाती कोलीत. कांद्याचा पापुद्रा झाला, गटारीचं पाणी झालं, स्वतःच्या दातांवरचा मळ झाला. बायकोच्या केसातला कोंडाही त्याने काचेवर घेतला, आणि आनंदाने तिला दाखवायलाही गेला. त्यावरून घरात बरेच दिवस अबोला होता. आणि मग एका दुपारी, दुकान बंद असताना, त्याची नजर बरणीकडे गेली.

आंबवणाचा थेंब पाण्यात कालवून त्याने भिंगाखाली सरकवला आणि श्वास रोखून बघत राहिला. गोल गोल, फिकट, काचेच्या मण्यांसारखे जीव! एकेकाच्या अंगावर बारीक फुगवटा आलेला, म्हणजे नवा जीव फुटत होता. इतकी वर्षं आपण रोज ज्यांना पीठ घालतो ते हे, या विचाराने त्याला इतका आनंद झाला, की तो एकटाच मोठ्याने हसला. मग त्याने पुस्तकं चाळली, जिथे मिळेल तिथे वाचलं. त्यातून त्याला एक गोष्ट कळली आणि ती कळताक्षणी तो जिना चढून धावत वर गेला.

आई जेवायला बसली होती. पावाचा तुकडा दुधात बुडवून तिने तोंडाशी नेला होता.

"आई, एक गंमत सांगू?" तो दारातूनच म्हणाला. "बरणीतले जीव फार थोडे दिवस जगतात. जुने मरतात, नवे फुटतात, आणि अर्धेअधिक तर रोज भट्टीतच जातात. म्हणजे बाबांनी ज्यांना पीठ घातलं, त्यातला आज एकही शिल्लक नाही. एकसुद्धा नाही. बरणी तीच, पण आतले सगळे नवे. आहे की नाही कमाल?"

आईने तुकडा वाटीत ठेवला. त्याच्याकडे बघितलं, हात धुतले आणि आतल्या खोलीत जाऊन पडली. संध्याकाळी तिने पावाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नुसता चहा, फार तर अर्धी वाटी दूध. आठवडा उलटला तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या होत्या आणि न्हाणीत जाताना ती भिंत धरून चालत होती. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल.

प्रोफेसरला आता आपण काय केलं ते उमगलं, पण शहाणपण सुचलं ते नेहमीच्याच वाटेने. त्याने आणखी वाचलं. पीठ हाताळणाऱ्याच्या हातावरचेही काही जीव आंबवणात उतरतात, असं त्यात निघालं. स्वारी पुन्हा वर. आईच्या उशाशी बसून त्याने हे सगळं समजावून सांगितलं. आंबवणात आता माझ्या हातचे जीव असतील, माझे हात तुम्हा दोघांमुळे, तेव्हा तसं बघायला गेलं तर...

"झालं तुझं?" असं म्हणून आई कुशीवर वळली.

बायको दाराआड उभी होती. आधीच फटकळ, त्यात सासूवर जीव. खाली आल्यावर तिने नवऱ्याला धारेवर धरलं. माझा कोंडा काचेवर मांडलात, मी गिळलं, म्हणाली. पण आईंच्या तोंडचा घास तुमच्या अकलेने काढलाय. आणि मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "तुम्हाला माहिती द्यायची आहे, की आईंना जेवायला घालायचंय?"

त्याने सूक्ष्मदर्शक फडक्यात गुंडाळून पोत्यांमागे सारला, पुस्तकं बांधून ठेवली आणि तोंड मिटलं. पाव मागितला की पाव द्यायचा, बस. गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं. एकाने मुद्दाम विचारलं, प्रोफेसर, जांभईचं ते काय हो? तर हा म्हणाला, मला नाही माहीत.

जिन्याखालून मुलाचा आवाज वर येत नाही, हे आईच्याही ध्यानात आलं असावं. एका दुपारी ती कठडा धरून एकेक पायरी उतरत खाली आली. मागे बायको, हात पुढे करून, आता पडतात की मग पडतात या धास्तीने. प्रोफेसर पीठ मळत होता. त्याने धावत जाऊन स्टूल दिलं. आई बसली, धाप ओसरू दिली आणि म्हणाली, "ते यंत्र काढ. बघू दे मला."

त्याने बायकोकडे बघितलं. बायकोने मान हलवली. यंत्र निघालं, थेंब काचेवर गेला. आईने चष्मा कपाळावर चढवून डोळा लावला.

"थरथरतायत," ती म्हणाली. "थंडी वाजते का त्यांना?"

नाही, पाण्याचे अदृश्य कण चहूबाजूंनी त्यांना धक्के देत असतात, हे त्याच्या अगदी जिभेवर आलं. त्याने ते गिळलं.

"गप्प का? माहीत असेल ना तुला."

"नको आई. मी बोललो की वाटोळंच होतं."

आईने डोळा काढला. चष्मा खाली घेतला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "तुझे बाबा गेले, हे मला माहीत आहे रे. मी काय खुळी आहे? बरणीत ते बसलेत असं मी कधी समजले नव्हते. मला लागलं ते वेगळंच. त्यांचं काही उरलं नाही, हे तू हसत सांगितलंस."

तो उभाच राहिला. हात पिठाने भरलेले होते, ते कुठे ठेवावेत हेही त्याला कळेना. सबब सांगायची म्हटली तर होती कुठे? हसला तर होताच.

"मला आनंदच झाला होता, आई," तो अखेर म्हणाला. "काही कळलं की मला आधी आनंदच होतो. काय कळलं, ते मागाहून कळतं."

"मग मागाहून कळलं तेव्हा?"

"तेव्हा इथेच होतो. मळत होतो. पीठ हातात घेतलं आणि वाटलं, खरंच, काहीच नाही उरलं." बाप गेला त्या दिवशी भट्टी चालू ठेवायची म्हणून जो माणूस रडला नव्हता, तो आता दोन्ही पिठाळ हात लांब धरून, नाक पुसायचीही सोय नसल्यासारखा, लहान मुलासारखा रडला. बायकोने पदराने त्याचं तोंड पुसलं.

"ते सांगायला यायचंस वर," आई म्हणाली. "धावत आलास ते पहिलं सांगायला. हे दुसरं सांगायला आला असतास, तर दोघं मिळून रडलो असतो आणि जेवलो असतो."

भट्टीतून नुकतेच निघालेले पाव जाळीवर होते, त्यांतला एक तिने मागितला. त्याने तो गरम गरम मोडून दिला. आईने एक तुकडा तोंडात घातला, चावला, गिळला. बायको श्वास धरून बघत होती.

"मीठ कमी पडलंय," आई म्हणाली.

कमी मिठाने आंबवणातले जीव कसे उधळतात हे सांगायला त्याने तोंड उघडलं. मग थांबला. आधी आईच्या हातातल्या पावाकडे बघितलं, मग तिच्या चेहऱ्याकडे.

"सांग," आई दुसरा तुकडा मोडत म्हणाली. "मी खातेय."