पुढच्या वर्गातला बाक

मित्रांनो, आयुष्यभर मी मुलांचे ओझे मुकाट्याने वाहिले. फार तर जरा करकरलो असेन, पण तोंड उघडून बोलायची वेळ कधी आली नव्हती. आज बोलतो. मी शाळेतला एक जुना बाक आहे. सातवीच्या वर्गात खिडकीपाशी माझी जागा. माझे पाय पाहिलेत तर तुम्ही हसाल. वरचा भाग जुन्या, काळवंडलेल्या लाकडाचा आणि खालची चार बोटे नव्या, पिवळसर लाकडाची. म्हातारपणी कुणाची उंची वाढल्याचे ऐकले आहे का तुम्ही? माझी वाढली. ती कशी वाढली, तेच सांगायचे आहे.

ज्या सुताराने मला घडवले, त्याने माप घेण्यासाठी फूटपट्टीआधी स्वतःच्या मुलीला बसवले होते. तिचे गुडघे फळीखाली नीट मावतात ना, तिचे पाय जमिनीला टेकतात ना, एवढे पाहिले आणि करवत हातात घेतली. शेजारचा दुकानदार म्हणाला, "जरा उंच कर की, पोरं वाढतात." सुतार हसला. "याहून मोठं पोर शाळेत बसतं कुठं? सहावी झाली की संपलं."

त्याचे काही चुकले नव्हते. तेव्हा आमच्याकडे सगळ्यांसाठीचे शिक्षण सहावीला थांबत असे. ज्यांच्या घरी सोय होती ती मुले दूरच्या मोठ्या शाळेत जात. बाकीची कामाला लागत. आमच्या शाळेतून दूरच्या शाळेत जाणारी मुले फार थोडी, म्हणून सहावी हाच आमचा शेवटचा वर्ग आणि मी त्या वर्गाचा बाक.

शेवटच्या वर्गाचे हाल काय सांगू! पुढे मुले भेटणार नाहीत म्हणून जे जे शिकवायचे राहिले, ते सगळे सहावीच्या पुस्तकात कोंबलेले. गुरुजी फळ्यावर लिहीत, मुले वहीत उतरवेपर्यंत पुसूनही टाकत. कुणी हात वर केला की म्हणत, "ते पुढच्या वर्गात कळेल." गुरुजी वाईट नव्हते. त्यांच्यामागे पुस्तक संपवायचा तगादा होता. पण मला आत कुठेतरी बोचायचे, कारण पुढचा वर्गच नाही हे वर्गातल्या सगळ्यांना माहीत होते. हात वर करणाऱ्यालासुद्धा.

त्या काळात माझ्यावर एक मुलगी बसायची. तिची आई लोकांचे कपडे धुवायची, त्यामुळे मुलीच्या अंगाला सदा साबणाचा वास. मुले तिला साबणी म्हणत. ती चिडत नसे. "तुमच्यापेक्षा स्वच्छ आहे मी," एवढे म्हणून वही उघडायची. एकदा तिने उभे राहून विचारले, "गुरुजी, उन्हातले कपडे वाळतात ते ठीक आहे. पण सावलीतले कसे वाळतात? त्यांच्यातलं पाणी जातं कुठं?"

गुरुजींनी वळून तिच्याकडे पाहिले. प्रश्न त्यांना आवडला होता, हे मी पाहिले. मग त्यांनी उरलेली पाने चाळली आणि म्हणाले, "पुढच्या वर्गात कळेल हं, बाळ. बस खाली."

ती बसली. तिच्या तळहाताचा दमटपणा मला अजून आठवतो.

आता आमच्या शाळेची एक रीत सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यामुळेच घडले. सहावीच्या शेवटच्या दिवशी प्रत्येक मूल आपला बाक घासूनपुसून धुवायचे आणि मग पालथा घालायचे. पाय वर, फळी खाली. बाक पालथा घातला की शाळा संपली. सुट्टी सरल्यावर शिपाईमामा येत आणि नव्या मुलांसाठी आम्हाला सरळ करत. ज्याने पालथा घातला त्याने पुन्हा सरळ करायचा नाही. तसे एकाच प्रकारच्या मुलावर ओढवायचे, सहावीत नापास झालेल्यावर. सगळ्यांसमोर आपला बाक उचलून सरळ करायचा आणि त्यावरच पुन्हा वर्ष काढायचे. त्या वेळी उडणारी थट्टा लाकूड असूनही मला ऐकवत नसे.

साबणीने मला धुतले ते अगदी मन लावून. धुण्यात तिचा हात धरणारे कुणी नव्हतेच. मग शेजारच्या बाकावरच्या शिंप्याच्या मुलीच्या मदतीने तिने मला पालथे घातले, माझ्या पायावर जरा वेळ हात ठेवला आणि गेली. ती रडत होती. बाकीची मुले मात्र सुटलो एकदाचे म्हणून उड्या मारत होती.

नंतर किती मुले आली नि गेली! कुणी माझ्यावर कर्कटक टोचले, कुणी शाई सांडली. पाहुणे आले की हेडसर माझ्यावर थाप मारून म्हणत, "जुनं काम आहे, मजबूत." पाहुणे गेले की माझा हलणारा पाय पुन्हा हलताच राही. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या गप्पा कानावर पडत. सक्तीचे, मोफत शिक्षण नववीपर्यंत वाढवायचे आणि अभ्यासक्रम नव्याने आखायचा, अशी चर्चा वर सरकारात चालली आहे म्हणे. सहावीत कोंबलेले धडे सुटे करून पुढच्या वर्गांत मांडायचे. मुलांना विचारायला, करून पाहायला वेळ द्यायचा. कुणी म्हणे चांगले आहे. कुणी म्हणे, आहेत तीच मुले आवरत नाहीत, आणखी कुठे बसवणार? समित्या बसत, उठत. ते घोंगडे इतकी वर्षे भिजत पडले की मी त्याची आशाच सोडली.

आणि एक दिवस माझ्यावर एक मुलगी येऊन बसली. अंगाला साबणाचा वास. मी ओळखले. साबणीची मुलगी. एका जागी स्वस्थ बसायची नाही म्हणून मुले तिला भिंगरी म्हणत. साबणी आता कपडे धुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात कामाला होती. नवरा कामासाठी परगावी असायचा, त्यामुळे घर तीच ओढत होती. भिंगरी हुशार, पण हात वर करून करून थकलेली. वर्गशिक्षिका बाई मनाने चांगल्या होत्या. तरी पुस्तक तेच, घाई तीच आणि उत्तरही तेच, "पुढे कळेल."

वर्ष संपले. भिंगरीने मला धुतले आणि पालथे घातले. साबणीने मालकाला गळ घालून आपल्याच कारखान्यात तिच्यासाठी जागा मिळवून ठेवली होती. आणि पुढच्याच आठवड्यात सरकारी आदेश आला. नववीपर्यंतचे शिक्षण आता सक्तीचे, मोफत, आणि तेही याच वर्षीच्या मुलांपासून!

हेडसरांना आनंद झाला आणि तोंडचे पाणीही पळाले. नव्या खोल्या नव्हत्या, नवे बाक नव्हते. त्यांनी तोडगा काढला. अडगळीची खोली रिकामी करून सहावीला तिथे सतरंज्यांवर बसवले, आमच्याच खोलीवर सातवीची पाटी लावली आणि तो वर्ग बाईंकडेच दिला. मोठी मुले मावावीत म्हणून सुताराला बोलावले. आम्ही पालथे होतोच, पाय वर करून. त्याने तसेच आमच्या पायांना लाकडाचे ठोकळे जोडले. हा त्या जुन्या सुताराचा जावई होता. सासऱ्याचे काम हातात घेताना त्याने माझ्यावर हळूच फुंकर मारून धूळ उडवली. खिळे ठोकताना दुखले, पण मी मनातून फुललो होतो.

मग हेडसरांच्या मनात एक कल्पना आली. शाळा उघडेल त्या दिवशी ज्याने त्याने आपला बाक स्वतः सरळ करावा, म्हणजे मुलांना नवी सुरुवात केल्यासारखे वाटेल! ते नुकतेच दुसऱ्या गावाहून बदलून आलेले, मनाने सरळ. शिपाईमामा म्हणाले, "सर, मी करतो की सरळ. रीत आहे ती." पण सर ऐकेनात. त्यांनी घरोघर तसा निरोप धाडला.

झाले! गावभर बोभाटा झाला की शाळेने यंदा सगळीच मुले नापास केली. एक आजी काठी टेकत आली आणि हेडसरांना म्हणाली, "माझा नातू पास झाला म्हणून मी गल्लीभर खाऊ वाटला. आणि तुम्ही त्याला बाक उचलायला लावता?" सरांनी परोपरीने समजावले, आदेश वाचून दाखवला. आदेश कोण ऐकतो? आपला बाक आपण सरळ करणे म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होते.

शाळा उघडली त्या दिवशी सातवीत चिटपाखरू नव्हते. आम्ही पाय वर करून पडलेलो. फाटकाबाहेर मात्र मुले जमली होती, आत कोण जातो ते बघायला. तेवढ्यात रस्त्याने साबणी आणि भिंगरी आल्या. दोघी कारखान्याकडे निघाल्या होत्या. भिंगरी फाटकापाशी रेंगाळली.

"नापास! नापास!" कुणीतरी ओरडले.

भिंगरीचा चेहरा उतरला. "चल, आई," ती म्हणाली.

पण बाई धावत बाहेर आल्या. आमची खिडकी फाटकाला लागूनच असल्याने मला सगळे ऐकू येत होते. "अगं, थांब. तू नापास नाहीस."

"मग बाक का उचलायचा?" भिंगरी म्हणाली.

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्या साबणीला म्हणाल्या, "ताई, खरं सांगू? गेल्या वर्षी हिनं शंभरदा हात वर केला. मी शंभरदा पुढे कळेल म्हटलं. तेव्हा पुढे काही नव्हतं. आता आहे. तिला नका नेऊ."

साबणीने भिंगरीचा हात धरला. "जागा मोठ्या मुश्किलीनं मिळालीय, बाई," ती म्हणाली. "आज नेली नाही तर मालक दुसरी ठेवेल. घर माझ्या एकटीच्या हातावर आहे."

"माहीत आहे मला."

"पुढचा वर्ग खरंच आहे ना पण? मलाही म्हणाले होते, पुढे कळेल."

"काय विचारलं होतं तुम्ही?"

साबणी जरा लाजली. "सावलीत कपडे वाळतात, तर त्यातलं पाणी जातं कुठं. रोज वाळत घालते, रोज आठवतं."

बाईंचा चेहरा उजळला. "अहो, ते सातवीतच आहे! सांगते ना, त्याचं असं असतं..."

"नको," साबणीने हात वर केला. "मला नका सांगू. हिला शिकवा. ही सांगेल मला."

आणि ती फाटकातून आत आली. पायऱ्या चढून, वर्गात येऊन, नेमकी खिडकीपाशी थांबली. इतक्या वर्षांनी तिने मला कसे ओळखले कोण जाणे. माझ्या पायावर हात ठेवला. हात आता खरखरीत झाले होते. ती खिडकीतून बाहेरच्या मुलांना म्हणाली, "मी सहावी पास आहे. पहिल्या झटक्यात पास. हा बाक मी पालथा घातलेला. नीट बघा रे सगळे." आणि तिने मला एका हिसक्यात सरळ केले.

मी नव्या पायांवर पहिल्यांदा उभा राहिलो. जग जरा उंचावरून दिसले. साबणी फळी पदराने पुसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. मग तिने हाक मारली, "ये गं, बस. मी मालकाचं बघते."

भिंगरी आली आणि बसली. तिचे गुडघे फळीखाली नीट मावले. बाहेर आता कुणी ओरडत नव्हते. थोड्या वेळाने शिंप्याचा नातू आत आला आणि त्याने स्वतःचा बाक धडपडत सरळ केला. मग आणखी एक. शिपाईमामा कोपऱ्यात उभे राहून पाहत होते. त्या दिवशी ते कुणाच्या मदतीला गेले नाहीत.

सगळी मुले आली असे सांगितले तर ते खोटे ठरेल. काही कधीच आली नाहीत. त्यांच्या बाकांवर धूळ साचते. साबणी तेव्हापासून जास्तीची पाळी करते, आणि भिंगरी कधीकधी वर्गात पेंगते, कारण घरचे सगळे काम तिच्यावर पडते.

तो धडा आला तेव्हा मात्र ती टक्क जागी होती. बाईंनी सांगितले, बोट ओले करून बाकावर रेघ ओढा आणि बघत राहा. भिंगरीने माझ्यावर ओढली. पाण्याचे बारीक बारीक कण हवेत मिसळून जातात, ऊन असो वा नसो, असे बाई समजावत होत्या, आणि ती रेघ कडेकडेने विरत गेली. भिंगरीने पाठ्यपुस्तकाकडे पाहिलेसुद्धा नाही. ती माझ्याकडेच पाहत होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारले, "सांगितलंस का आईला?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाली?"

भिंगरीने मान खाली घातली. "कपडे वाळत घालत होती. सगळं ऐकलं. हातातला कपडा तसाच राहिला. मग म्हणाली, एवढंच होतं? मग मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

बाईंनी खडू उचलला आणि त्या फळ्याकडे वळल्या.

मित्रांनो, माझ्यावर नावे कोरू नका, शाई सांडू नका, असे मी तुम्हाला सांगायला हवे. पण ते राहू द्या. कोरा हवे तर. मागणे एकच आहे, आणि ते तुमच्याइतकेच मोठ्या माणसांकडेही आहे. मूल हात वर करून काही विचारेल, तर शक्य असेल तेव्हा तिथेच सांगा. आणि पुढे कळेल म्हणालात, तर तो पुढचा वर्ग त्याच्यासाठी उघडा ठेवा. वर्ष संपल्यावर मला धुवा, पुसा. पण पालथा घालू नका. भिंगरीला अजून आठवी आहे, नववी आहे. तिच्या मागून येणारी मुले आहेत. मला असाच सरळ राहू द्या.