कोवळं ऊन

प्रयागबाईंनी नातीची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि तिचा हात डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. चार वर्षांच्या रीनाच्या हातावर, मानेवर, तोंडावर सगळीकडे तीळ सांडल्यासारखे काळे ठिपके होते आणि गालावर एक गाठ.

"अंगात उष्णता हाय, दुसरं काही नाही," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी तपासणीचा कागद बाजूला ठेवला. मौदा गावाहून धंतोलीच्या दवाखान्यात आलेल्या या सासू-सुनेला कसं सांगावं म्हणून ते शब्द शोधत होते.

"आजी, ऊन आपल्या सगळ्यांनाच इजा करतं. शरीराच्या प्रत्येक पेशीत एक धागा असतो, डीएनए म्हणतात त्याला. उन्हानं तो रोज बिघडतो. बिघडलेला तुकडा हुडकून कापणारे, नवा जोडणारे कारागीरही पेशीतच असतात, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. रीनाचे हे कारागीर जन्मापासूनच धड काम करत नाहीत. बिघाड साचत जातो. गालावरची ही गाठ त्यातूनच आलेली. कॅन्सरची आहे."

रीनाची आई दिपाली पदर तोंडाशी धरून बसली होती.

"मंग औषध?" तिनं विचारलं.

"गाठ काढू. पण धागा सांधायचं औषध नाही. ऊन मात्र पूर्ण बंद करा, नाहीतर अशा गाठी येतच राहतील. आजवर किती ऊन लागलं हिला?"

प्रयागबाई मनातल्या मनात मोजू लागल्या. किती म्हणून सांगायचं! सव्वा महिन्याची होती तेव्हापासून रोज सकाळी तेल चोळून अंगणात, कोवळ्या उन्हात. हाडं बळकट होतात म्हणून. पोर डोळे मिटून किंचाळायची, अंग लालभडक व्हायचं. दिपाली काकुळतीला यायची, "राहू द्या न आई, रडून राहिली ते." तर "चार लेकरं वाढवली म्या, तू मले शिकवते का?" म्हणून तिलाच झापलं होतं. आता सून बोलणार. बोलू दे, चार शब्द जास्तच बोलू दे, आपली लायकीच तेवढी.

"मीच ठेवत होती तिले उन्हात," दिपाली म्हणाली. "रोज."

ऊन उतरेपर्यंत निघायचं नव्हतं. बाहेर थांबलेला दिपालीचा नवरा गाडीच्या काचांना लावायला काळं कापड आणायला गेला. तिघी जिन्याखालच्या अंधाऱ्या बाकावर बसल्या.

"काहून खोटं बोलली वं?" प्रयागबाईंनी विचारलं.

दिपालीनं रीनाची बाही मनगटापर्यंत खाली ओढली.

"मोठी झाली का विचारनच ते, कोणं केलं म्हणून. आईवर लेकरू राग काढते अन् इसरून बी जाते. तुमच्यावर रुसली तं जेवन कोणाच्या हातचं? माह्या हातून तं घास घेत नाही."

प्रयागबाईंना रडू फुटलं. येणारे-जाणारे थांबून बघू लागले, तरी आवरेना.

"माह्याच हातानं वाटोळं केलं वं पोरीचं!"

दिपाली नाही म्हणाली नाही. नुसती सरकून जवळ बसली.

रीना आजीच्या मांडीवर चढली. मघापासून तिच्या मनात काहीतरी चाललं होतं.

"आजी, आता अंगणात नाही न्यायचं न मले?"

"नाही वं माय."

"उद्या बी नाही?"

"कधीच नाही."

रीना खुदकन हसली. दोन्ही हातांनी तिनं आजीच्या गळ्याला मिठी मारली.

"माही चांगली आजी," ती म्हणाली.